गरीवाल्यांचे हबीबभाऊ

अबोली, परवा व्हिडिओ-फोनवर बोलताना माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो तुला दिसला आणि तू म्हणालीस, "आजी, हा बिचारा कोण गं? किती उपाशी दिसतोय." तुझ्या शेजारी बसलेल्या निनादनेही मान डोलावली. तुमच्यावर मी रागावले नाही. तुम्ही तिकडे जन्मलात, तुम्हाला ना ती नदी ठाऊक, ना तो माणूस. पण फोन ठेवला आणि मला दिवसभर काही सुचेना. कारण नेमकं हेच, जवळजवळ याच शब्दांत, एका शिकल्यासवरल्या साहेबाने छापून दोन जिल्ह्यांत वाटलं होतं. त्याला ती नदी ठाऊक होती आणि त्या माणसाचं नावही त्याच्या हातात दिलेलं होतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

फोटोतला माणूस उपाशी नव्हता. तो रविवारच्या सकाळी नदीत गळ टाकून बसला होता, आणि त्या घटकेला त्याच्याइतका सुखी माणूस सगळ्या चामोर्शी तालुक्यात सापडला नसता. त्याचं नाव मारोतराव भोयर. त्याच्याबद्दल पुढे येईलच. आधी मला सांगायचं आहे ते हा फोटो काढणाऱ्या हबीबभाऊंबद्दल.

चंद्रपुरात पठाणपुरा गेटाच्या आतल्या रस्त्यावर त्यांचा 'न्यू शबनम फोटो स्टुडिओ' होता. एका बाजूला सायकलदुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला गादीवाला, मध्ये हे. नाव 'न्यू' असलं तरी पाटीचा रंग उडालेला. कोणी चेष्टेनं विचारलं, "हबीबभाऊ, हा न्यू, तं जुना शबनम कुठी गेला?" की ते उत्तर देत, "जुना मीच आहे. बसा, मान सरळ करा."

माणूस उंच, हडकुळा. बोटांची टोकं रसायनांनी कायमची पिवळी पडलेली. डोळ्यावर जाड भिंगांचा चष्मा. कॅमेऱ्याला डोळा लावताना तो कपाळावर सरकवायचा आणि नंतर सगळ्या स्टुडिओत शोधत फिरायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. त्यांच्या पत्नी सकीनाभाभी आतून ओरडत, "माथ्यावर आहे!" आणि हे त्यांच्यावरच रागावत, "मालूम आहे मला!"

त्यांना राग यायला मोठं कारण लागत नसे. मुलीकडचे लोक मुलीला घेऊन यायचे आणि म्हणायचे, "जरा गोरी दिसली पाहिजे." हबीबभाऊ म्हणत, "गोरी पाहिजे तं चुना लावून आणा. माझ्याकडे चुना नाही." मागच्या पडद्यावर काश्मीरचं तळं रंगवून घ्या असं एका व्यापाऱ्याने सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, "चंद्रपूरच्या माणसानं काश्मीरसमोर काऊन उभं राहावं? काश्मीरवाला कधी आपल्या माणिकगडासमोर उभा राहते का?" चंद्रपूरच्या हवेतल्या कोळशाच्या धुळीवर तर त्यांचा जन्मभराचा दावा. ती उघड्या खिडकीतून येऊन ओल्या निगेटिव्हवर बसे. प्रत्येक फोटोत कुठेतरी एक काळा ठिपका असेच, आणि त्या ठिपक्यासाठी हबीबभाऊ खाणीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. ओळखपत्राचा फोटो काढायला गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, बराच वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, परीक्षा संपली. आता चेहरा सोडा." तेव्हापासून आमची ओळख. पुढे त्यांना कधी इंग्रजीत पत्र लिहून हवं असलं की ते आमच्या घरी यायचे. तुमचे आजोबा त्यांच्याशी राजकारणावर वाद घालायचे, मी पत्र लिहायची.

लग्नाबारशांचे फोटो हबीबभाऊ रंगीत काढत. तेव्हा रंगीत फिल्म सगळीकडे आली होती, काळा-पांढरा फोटो कोणी मागत नव्हतं. पण दिवाळीपासून होळीपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी ते शटर ओढत आणि एसटीने वैनगंगेकाठी जात. पिशवीत काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल. रात्री मारोतरावांच्या पडवीत झोपायचं, पहाटे त्यांच्याबरोबर नदीवर जायचं, आणि तिथे गरीवाल्यांचे फोटो काढायचे.

गरी म्हणजे गळ. जाळं टाकणारे ढिवर वेगळे, तो त्यांचा पोटाचा धंदा. गरीवाले म्हणजे शौकीन. कोणी शिंपी, कोणी एसटीचा कंडक्टर, कोणी धानाची शेती करणारा. आठवडाभर आपापली कामं करायची आणि रविवारी बांबूची काठी, दोरा, पाण्यावर तरंगत ठेवायला सनकाडीचा हलका तुकडा आणि डब्यात गांडुळं घेऊन खडकावर येऊन बसायचं. मासा लागला तर लागला. कोणी बोलायचं नाही. घरी बायका करवादतात, पोरं हसतात, पण हे लोक बसतात.

एकदा थंडीत मी आणि तुमचे आजोबा हबीबभाऊंबरोबर तिथे गेलो होतो. नदीवर धुकं इतकं की पलीकडचा काठ नाहीच. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं कळत नव्हतं. खडकांवर लांब लांब अंतरावर बसलेली माणसं काळ्या दगडांसारखी दिसत होती. मी विचारलं, "रंगीत का नाही काढत तुम्ही हे?"

"धुक्याले रंग नसते बाई. मी कुठून आणू?"

ते एका माणसाजवळ जाऊन बसले. कॅमेरा पिशवीतच. बिडी दिली, नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मग गप्प. पुष्कळ वेळाने म्हणाले, "एक घेऊ का जी?" तो माणूस पाण्याकडे बघतच म्हणाला, "घ्या." मग कॅमेरा बाहेर आला. एकदाच खट् झालं. परत पिशवीत.

"मी फोटो काढत नाही," ते मला नेहमी म्हणत. "मागतो. काढते तो चोर."

पहिली प्रत त्या माणसाची. पुढच्या रविवारी ती त्याच्या हातात पडेपर्यंत तो फोटो दुसऱ्या कोणालाही, सकीनाभाभींनाही, दाखवायचा नाही. आणि त्याला तो आवडला नाही, तर त्याच्यासमोर निगेटिव्ह कात्रीने कापायची. एका शिंप्याला आपलं टक्कल दिसलेलं आवडलं नाही. हबीबभाऊंनी मुकाट्याने कापली. घरी आल्यावर मात्र दोन दिवस तणतणत होते, कारण तो त्या वर्षीचा सर्वांत चांगला फोटो होता म्हणे.

त्या काठावर आणखी एक रीत होती. गरीला जाताना अंगावरचे सगळ्यांत जुने कपडे घालायचे. धुतलेला, इस्त्री केलेला सदरा घालून गेलं की मासा फिरकत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे घरचा चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस तिथे पाहावा तर भिकाऱ्याच्या वेषात. मारोतरावांचं एक स्वेटर होतं, कोपरावर फाटलेलं, छातीवर भोकं, मूळचा रंग कोणता ते त्यांच्या बायकोलाही आठवत नव्हतं. तिने ते एकदा पोतेरं म्हणून वापरायला काढलं, तेव्हा मारोतराव दोन वेळ जेवले नव्हते.

"मासोळीले माह्या स्वेटरची ओळख हाये," ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले. "दुसरं घालून आलो का तिले वाटते, कोनी परका आला."

त्याच धुक्यातला, त्याच स्वेटरमधला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून पाण्याकडे वाकलेल्या मारोतरावांचा तो फोटो. त्यांना तो फार आवडला होता. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावला होता.

आता हबीबभाऊंच्या मागे लागलेल्या छापखान्यांची गोष्ट. मुंबईच्या एका मासिकाच्या स्पर्धेला त्यांनी वैनगंगेवरचा एक फोटो पाठवला. तो छापून आला, आणि खाली ओळ होती: 'कोकण किनाऱ्यावरील एकाकी कोळी.' हबीबभाऊ मासिक घेऊन आमच्या दारात आले आणि त्यांनी ते माझ्यापुढे आपटलं. "समुद्र! बाई, यांनी माझ्या नदीले समुद्र केलं! आणि आमच्या आरमोरीच्या कंडक्टरले कोळी!"

तुमचे आजोबा हसत सुटले. हबीबभाऊंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते उठून आत गेले. मी पत्र लिहून देते म्हटलं तर म्हणाले, "पत्र नाही. मी जातो." आणि खरंच गेले. माझ्या भावाकडे मुंबईत उतरले. संपादकाने त्यांना चहा पाजला आणि समजावलं, की वाचकांना वैनगंगा कुठे माहीत असते, धुकं आणि खडक आणि पाणी म्हणजे समुद्रच वाटतो. हबीबभाऊ चहा तसाच टाकून उठले.

पण रागावलेला माणूस गप्प बसला नाही. वरळीच्या खडकांवर गळ टाकून बसणारे लोक त्यांना दिसले आणि ते चार दिवस तिथेच राहिले. आभाळ भरून आलेलं, लाटा खडकावर फुटून पांढऱ्या होणाऱ्या, आणि त्यांच्याकडे तोंड, आपल्याकडे पाठ करून बसलेली काळी माणसं. ते फोटो मी पाहिले आहेत. समुद्राचे इतके उदास आणि इतके शांत फोटो मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. प्रत्येक माणसाचं नाव आणि पत्ता विचारून त्यांनी चंद्रपूरहून पोस्टाने पहिली प्रत पाठवली. त्यांतल्या एकाने तिथे त्यांना विचारलं होतं, "कुठून आलात?"

"वैनगंगेवरून."

"तिकडे समुद्र आहे?"

"तुमच्या मासिकात आहे," हबीबभाऊ म्हणाले.

हे सांगताना मात्र ते स्वतःच हसले. त्या चुकीने कोणाचं नुकसान झालं नव्हतं. पुढच्या चुकीने झालं.

नागपूरची एक मोठी संस्था आमच्या दोन्ही जिल्ह्यांत विकासाचं काम करत होती. तिचं नाव मी लिहीत नाही. आपलं नाव छापून आणायची त्यांना फार हौस होती, ती मी कशाला पुरवू? तिथले एक साहेब स्टुडिओत आले, फोटो पाहून भारावून गेले, आणि स्थानिक कलावंताचं काम लोकांपुढे यायला हवं म्हणून मारोतरावांचा फोटो मागितला. हबीबभाऊंनी आधी मारोतरावांना विचारलं. मारोतराव खूश झाले. मग हबीबभाऊंनी साहेबांना सांगितलं, "पैसा नको. फोटोखाली त्यांचं नाव आलं पाहिजे. माझं नाही आलं तरी चालन." नाव, गाव, सगळं नीट लिहून दिलं. साहेबांनी मान हलवली.

नवीन वर्षात भिंतीवरचं कॅलेंडर आलं. वर मोठा फोटो, खाली बारा महिने. तहसील, बँका, शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, सगळीकडे फुकट वाटलं. आणि फोटोखाली मोठ्या अक्षरांत: 'भूक वाट पाहते आहे.' त्याखाली लहान अक्षरांत: 'दुर्गम भागातील एक उपाशी सकाळ.' मारोतरावांचं नाव कुठेच नाही.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, छापलं तर छापलं. पण त्याच महिन्यात मारोतरावांच्या वनिताचं लग्न जमत होतं. स्थळ चिमूरचं, मुलाचे वडील तिथल्या एका शाळेत कारकून. घर पाहून गेले होते, पसंती झाली होती, साखरपुड्याचं बोलणं चाललं होतं. ते कॅलेंडर त्यांच्या शाळेच्या कचेरीत, त्यांच्याच टेबलासमोर लागलं. घर पाहायला त्यांच्याबरोबर गेलेल्या एका शिक्षकाने चेहरा ओळखला, आणि शिक्षक मंडळी त्यांना रोज विचारू लागली, हेच का तुमचे होणारे व्याही? चिमूरहून निरोप आला की आम्ही थोडं थांबतो. आणि गावातल्या टवाळांनी मारोतरावांना पारावर गाठलं, "काय जी मारोतराव, जेवन झालं का?"

मारोतरावांनी देव्हाऱ्याशेजारचा फोटो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. नदीवर जाणं बंद केलं. शनिवारी हबीबभाऊ त्यांच्या पडवीत पोचले तेव्हा त्यांनी चहा दिला, अंथरूण घातलं, सगळं नेहमीसारखं केलं, आणि एवढंच म्हणाले, "तुमी मागितला, मी देल्लो. मंग त्यायनं ती भूक कोनाले इचारून लिवली?"

 सकाळच्या पहिल्या एसटीने हबीबभाऊ परत आले.

मला विद्यापीठाच्या कामासाठी नागपूरला जायचंच होतं. मी त्यांच्याबरोबर त्या कचेरीत गेले. साहेब अतिशय सभ्य. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर मारोतराव लटकत होते. मी इंग्रजीत बोलले, कारण त्यांना तीच भाषा नीट ऐकू येत होती. शांतपणे सांगितलं की हा माणूस उपाशी नाही, हा हौसेने मासे धरतो आहे, आणि तुम्ही त्याचं नाव छापायचं कबूल केलं होतं.

"नाव आम्ही मुद्दामच टाळलं," साहेब समजुतीने म्हणाले. "नाव नाही म्हणजे कोणाची बदनामीही नाही. आणि मॅडम, हा चेहरा आता एका माणसाचा राहिलेलाच नाही. तो सगळ्या जिल्ह्याचा चेहरा झाला आहे."

 हबीबभाऊ म्हणाले, "जिल्ह्याले पोरगी नाही साहेब. मारोतरावले आहे."

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ते भाषांतर करून सांगावं म्हणून. मी सांगितलं नाही. मग ते म्हणाले की पुढच्या वर्षी हबीबभाऊंचा सत्कार करता येईल. शाल, श्रीफळ. हबीबभाऊ उभे राहिले. मला वाटलं आता हे काहीतरी फेकून मारणार. पण ते भिंतीजवळ गेले, फोटोतल्या मारोतरावांपुढे थोडं वाकले आणि बाहेर पडले. 

घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी उपाय सांगितला. साधा, व्यवहारी. मारोतरावांचा एक झकास रंगीत फोटो काढा. पांढरं धोतर, जाकीट, मागे घर, बैलजोडी, धानाची पोती. तो चिमूरला पाठवा. पाहतील लोक आणि समजतील.

हबीबभाऊ एकदम भडकले. "म्हणजे मी शाबीत करू, की तो गरीब नाही? काऊन? अन् उद्या त्या खडकावर खरंच गरीब माणूस बसला असन, तं त्याच्याखाली लिहू द्यायचं का, 'भूक वाट पाहते'? तो बी मासोळीचीच वाट पाहते ना जी! गरीब असो का सावकार, गरी टाकून बसला का तो गरीवाला. बस."

 मीही नाही. मला एवढंच वाटलं, की इतकी वर्षं वर्गात शिकवून मला हे इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डार्करूममध्ये स्वतःला कोंडून घेतलं. बाहेर आले तेव्हा हातात फोटोच्या कागदाच्या पट्ट्या होत्या, काळ्यावर पांढरी अक्षरं: 'मारोतराव भोयर, रविवारी सकाळी वैनगंगेवर मासे धरताना.' रुंदी बरोबर त्या छापील ओळींएवढी. एका बाटलीत डिंक, दुसरीकडे पट्ट्यांची चवड, आणि हबीबभाऊ निघाले.

आधी चंद्रपूरच्या कचेऱ्या. आत जायचं, साहेबांना सलाम करायचा आणि सांगायचं, "कॅलेंडरात छापायची चूक झाली आहे, दुरुस्त करून राह्यलो." बहुतेकांना वाटायचं, हा संस्थेचाच माणूस. ते खुर्ची द्यायचे. काहींनी हाकललं. एका बँकेच्या मॅनेजरने विचारलं, "तुम्हाला परवानगी कोणी दिली?" हबीबभाऊंनी विचारलं, "त्यांना कोणी दिली होती?" मॅनेजरने शिपायाला स्टूल आणायला सांगितलं.

स्टुडिओ बंद पडू लागला. लग्नाच्या दिवसांत ते मूल, सावली, चामोर्शी करत फिरत होते. सकीनाभाभी माझ्याकडे येऊन बसल्या. "बाई, तुम्ही समजवा ना. लोक म्हणते पागल झाला." मी म्हटलं, "भाभी, तुम्ही समजावलंत का?" त्या म्हणाल्या, "मी कायले समजवू? खरंच तं करून राह्यला ना तो." आणि घरी जाऊन त्यांनीच डिंक शिजवून दिला.

चिमूरला ते शेवटी गेले. तिथला प्रसंग त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून, दोन्ही माणसांचे आवाज काढून सांगितला. शाळेच्या कचेरीत स्टुलावर उभं राहून ते पट्टी चिकटवत होते आणि समोरच्या टेबलावरून कारकून पाहत होता.

"काय करून राह्यले जी तुमी?"

"नाव लावून राह्यलो."

"कोनाचं?"

"तुमच्या होणाऱ्या व्याह्याचं."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली.  मग म्हणाला, "लोकायनं विचारलं मले, हेच का व्याही म्हणून. मी नाई म्हणलो."

"हूं."

"घर तं चांगलं हाये त्यायचं. मी सोता पाह्यलो. मंग स्वेटर असं फाटकं काऊन?"

"तुमी गरी टाकता का?"

"नाई बा."

"मंग तुमाले नाही समजणार," हबीबभाऊ स्टुलावरून उतरत म्हणाले. "पण आता कोणी विचारलं, तं हो म्हणा. नाव लिहिलं आहे, वाचून दाखवा."

तो माणूस वाईट नव्हता. आठ-पंधरा दिवसांत चिमूरहून होकार आला. वनिताचं लग्न झालं. फोटो हबीबभाऊंनीच काढले, रंगीत, कारण वनिताला रंगीतच हवे होते. आम्ही दोघं गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत वराकडची एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "हे पाह्य, कॅलेंडरवाले." ती वाईट मनाने म्हणाली नाही. नुसती ओळख दाखवली. मारोतराव वाढायला उभे होते, त्यांच्या कानावर ते गेलं. त्यांनी तिच्या पानात आग्रहाने आणखी एक लाडू वाढला.

लग्नानंतर ते पुन्हा नदीवर जाऊ लागले. हबीबभाऊंनी मोठ्या आनंदाने मला तसं कळवलं, आणि पुढच्या शनिवारी कॅमेरा घेऊन गेले. परत आले ते सरळ आमच्याकडे. पाणी प्यायले. मग म्हणाले, "इस्त्रीचा सदरा घालून येते बाई तो. पांढरा. खडकावर रुमाल हातरून बसते. दिवसभर एक मासोळी लागली नाही."

"फोटो?"

"तो म्हणाला, घ्या ना हबीबभाऊ, आता चांगला येईन." त्यांनी पिवळी बोटं एकमेकांवर घासली. "मी म्हटलं, रोल संपला."

मला विचाराल तर त्या संस्थेने केलेलं खरं नुकसान हे. जमलेलं लग्न मोडता मोडता सावरलं, टवाळांना दुसरा विषय मिळाला. पण एका माणसाला आयुष्यभर जिथे आपण कसे दिसतो याची आठवण नव्हती, तिथे त्यांनी त्याला आरसा लावून दिला. आणि याची शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही. त्या साहेबांना पुढे मोठा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला होता, खाली त्यांचं संपूर्ण नाव, हुद्द्यासकट.

नंतर डिजिटल कॅमेरे आले आणि शबनम स्टुडिओ बंद झाला. हबीबभाऊंच्या मुलाने तिथे मोबाइलचं दुकान टाकलं. ते स्वतः फारसे दिसत नसत. मला ते शेवटचे भेटले चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर, कडक उन्हात. मी तुमच्या बाबांना आणायला गेले होते. हबीबभाऊ सिरोंच्याच्या गाडीकडे चालले होते, पाठीत वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"इतक्या लांब कुठे?" मी विचारलं.

"सिरोंचाकडे एका जनावरांच्या दवाखान्यात लटकून आहे म्हणते एक. कंडक्टरनं सांगितलं."

"काय लटकून आहे?" आणि विचारता विचारताच मला कळलं. "अहो हबीबभाऊ, ते वर्ष संपून किती काळ झाला!"

"तारखा संपल्या बाई. लोक फोटोसाठी ठेवते ना टांगून." ते माझ्यावर जरा चिडलेच. "ओळ तं तशीच आहे खाली."

गाडी सुटायची घंटा झाली. ते चढले. आत बसायला जागा नव्हती. खिडकीतून मला दिसलं, एक हात वरच्या दांड्याला, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पिशवीतून डिंकाची बाटली काढून छातीशी सरळ धरलेली, सांडू नये म्हणून. शेजारचा कोणी तरणा माणूस त्यांना ती खाली ठेवा म्हणत असावा, कारण गाडी वळली तेव्हा हबीबभाऊ त्याच्याशी तावातावाने भांडत होते.